डबे चौदा, पण वाती कुठे?

«ताई, आमचं घर फोंडा तालुक्यात, जुनं, कौलारू. आम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. दीर दुबईला असतात, पण त्यांचं सामान इथेच. गेल्या दिवाळीनंतर मी घर आवरायला काढलं. व्हिडिओ बघून झाकणाचे चौदा मोठे प्लास्टिकचे डबे आणले, त्यांवर इंग्रजीत छापील लेबलं लावली आणि माळ्यावर नि कोठीच्या खोलीत रचून ठेवले. घर छान दिसायला लागलं. आता जुलैत उघडून बघते तर दोन रेशमी साड्यांवर पांढरी बुरशी आणि चादरींना कुबट वास. सासूबाईंना काहीच सापडत नाही. परवा समईच्या वातींसाठी चार डबे उपसले आणि शेवटी बाजारातून नव्या आणल्या. त्या म्हणतात, तुझ्या डब्यांनी घर गिळलं. नवरा म्हणतो, घराचं गोदाम केलंस. माझं काय चुकलं? डबे हलक्या प्रतीचे निघाले का? हवाबंद, महागातले घेऊ का? चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे.» – एक वाचक, फोंडा

नवे डबे घेऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं की उद्याच्या उद्या तुम्ही दुकानात जाल. तुमच्याकडे आहेत तेच डबे जास्त आहेत. त्यांतले चार-पाच रिकामे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता साड्या, कारण ते काम आजचं आहे. बुरशी आलेल्या साड्या घरात झटकू नका. मागच्या पडवीत न्या, तोंडावर रुमाल बांधा आणि कोरड्या मऊ फडक्याने अलगद पुसून काढा. पाणी लावायचं नाही, व्हिनेगर तर नाहीच. रेशमावर आणि जरीवर घरगुती प्रयोग करणाऱ्यांचे हात मला बांधून ठेवावेसे वाटतात. मग ज्या खोलीत पंखा चालतो तिथे दोरीवर सैल पसरून ठेवा. घरात एसी असेल तर तो ‘ड्राय’वर लावून त्याच खोलीत दिवसभर राहू द्या. डाग उरले तर ड्रायक्लीनिंगला द्या, आणि बुरशीचे डाग आहेत हे तोंडाने सांगून द्या. चादरी सुती असतील तर सोपं आहे. गरम पाण्यात धुवा, आणि ऊन पडत नसेल तर इस्त्री फिरवून वाळवा. आणि त्या पुन्हा डब्यात घालू नका. दिवाळीपर्यंत उघड्या फळीवर राहू द्या.

बुरशी का आली, हे समजून घेतलंत तर पुढची निम्मी चिंता जाईल. तुम्हाला वाटतंय की डबा नीट बंद झाला नाही म्हणून दमट हवा आत शिरली. अर्धं खरं आहे. साध्या खटक्याच्या झाकणाचा डबा हवाबंद नसतोच. ओल त्यात हळूहळू शिरते, आणि शिरली की तितक्याच आळसाने बाहेर पडते. त्यात वातींच्या शोधात चार-चार डबे उघडले गेले, म्हणजे जुलैची हवा आपण होऊन आत घेतली. गोव्यात पावसाळाभर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच येते, आणि सत्तरच्या वर ती टिकून राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. शिवाय रात्री डबा गार झाला की आतली तीच हवा आणखी दमट होते. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला डबे टेकवून रचले असतील तर विचारूच नका. चिरा पाणी पितो, आणि ती भिंत सप्टेंबरपर्यंत गार नि ओलसर राहते.

पण उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. पाणी कापडातच असतं. हाताला कोरडी लागणारी सुती चादर साधारण हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी बाळगून असते, रेशीम तर अकरा टक्क्यांच्या आसपास. दोन किलो रेशमी साड्या डब्यात घातल्या म्हणजे पेलाभर पाणीही आत घातलं, आणि हे बऱ्या हवेतलं गणित झालं. दमट दिवशी घडी घातली असेल तर त्याहून जास्त. म्हणून महागातला हवाबंद डबा हा तुमच्या प्रश्नाचा इलाज नव्हे. ओलं कापड आत गेलं तर तो ती ओल इमानाने सांभाळून ठेवील. तसा डबा उपयोगी पडतो, पण भर उन्हाळ्यात भरला आणि पाऊस संपेपर्यंत उघडला नाही तरच.

बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या लोक साड्यांत टाकतात नि निर्धास्त होतात. सिलिका जेल ओढून ओढून आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी ओढतं. पाच ग्रॅमच्या पुडीने पेलाभर पाण्याचं काय होणार? घालायचंच तर मोठ्या डब्याला शंभर-दोनशे ग्रॅमची पिशवी घाला, रंग बदलणारी मिळते ती घ्या, आणि रंग बदलला की दाणे ताटात पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवा. ते पुन्हा कामाला येतात. कपाटात टांगायच्या पाणी ओढणाऱ्या पिशव्या वेगळ्या. त्यांच्या तळाशी खारं पाणी साठतं. त्या डब्यात कधीच नको, एखादी फुटली तर साडी गेली.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांतलं एकच काहीतरी घाला. दोन्ही एकत्र ठेवले तर त्यांचं मिश्रण ३२-३३ अंशांनाच वितळतं, आणि मे महिन्यात माळ्यावर कौलांखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. मग साडीवर तेलकट डाग पडतो आणि तो कशाने पडला हे कुणालाच कळत नाही. मला विचाराल तर डांबराच्या गोळ्या नकोतच. लहान मुलांच्या घरात तर नकोच. वेखंडाची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, तीही कापडाला थेट लागू न देता. सासूबाईंकडे असेलच.

सासूबाईंवरून आठवलं. साड्या आधी कुठे होत्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, सागवानी पेटाऱ्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत. पेटारा असेल आणि तो अजून विकला नसेल, तर साड्या त्यातच परत जाऊ द्या. लाकूड हवेतली ओल थोडी शोषतं, थोडी सोडतं, एकदम चढउतार होऊ देत नाही. प्लास्टिकला ते जमत नाही. ट्रंक असेल तर तळाला आणि चारी बाजूंना जुन्या धोतराचं अस्तर द्या, गंजाचा डाग लागत नाही. प्रत्येक साडी सुती फडक्यात. वर्तमानपत्रात नको, शाई लागते. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, जरी काळी पडते. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरी घडीवरच तुटते. पूर्वी कपाटात मिणमिणता दिवा लावून ठेवायचे, ती युक्ती आता चालणार नाही. जुन्या पिवळ्या दिव्याला ऊब होती, एलईडीला नाही. आणि जुना दिवा कुठून मिळवलात तरी कापड नि प्लास्टिक यांच्याजवळ तो लावून झोपू नये.

आता वातींकडे येते. तुमच्या पत्रातली खरी तक्रार मला तीच वाटली, बुरशी नव्हे.

तुम्ही वस्तू जातवारीने लावल्यात. कापूस-वाती कापडाच्या जातीत गेल्या असतील, किंवा ‘पूजा’ लिहिलेल्या डब्यात माळ्यावर. दुकानात असंच लावतात, तिथे ते बरोबर आहे, कारण दुकानात काढणारा माणूस एकच असतो आणि दिवसभर तेच करतो. घरात वस्तू कोण काढतं आणि कधी काढतं, त्यावरून तिची जागा ठरते. वाती रोज संध्याकाळी सासूबाई काढतात. म्हणजे वाती देवघराजवळ, त्यांच्या हाताच्या उंचीवर, उघड्या डबीत. त्यांना शिडी चढता येत नाही, खटक्याचं झाकण उघडायला बोटांत जोर लागतो, आणि तुमची इंग्रजी लेबलं त्यांना लांबून दिसतही नसतील. तीस-चाळीस वर्षं त्यांच्या डोक्यात घराचा एक नकाशा होता. अंधारात हात घातला तरी हळदीचं पान कुठे नि कात्री कुठे ते कळायचं. तो तुम्ही एका आठवड्यात पुसलात. ‘डब्यांनी घर गिळलं’ म्हणजे तेच.

म्हणून एखाद्या दुपारी, त्यांचं जेवण झाल्यावर, चहा घेऊन बसा आणि विचारा की आधी काय कुठे असायचं. तुमचे डबे बरोबर आहेत हे पटवायला जाऊ नका, नुसतं विचारा आणि वहीत लिहून घ्या. त्यांच्या जुन्या जागांतल्या निम्म्याहून जास्त तुम्हाला तशाच ठेवाव्याशा वाटतील. ज्या गैरसोयीच्या वाटतील त्या त्यांच्यासमोर बदला.

डब्यात काय जावं, याचा माझा नियम साधा आहे: वर्षातून एकदा-दोनदाच लागतं ते. महिन्याला लागतं ते फळीवर किंवा कपाटात. रोजचं उघड्यावर. या चाळणीतून तुमचे चौदा डबे काढलेत तर नक्की राहतील ते चवथीचं सामान, दिवाळीचे आकाशकंदील नि पणत्या, पाहुण्यांची अंथरुणं, धाकट्याला पुढे होतील असे थोरल्याचे कपडे आणि दिरांचं सामान. एवढंच. ‘मिसलेनियस’ असं एखाद्या डब्यावर लिहिलं असेल (असेलच), तर तो आधी रिकामा करा. घरातल्या सगळ्या न घेतलेल्या निर्णयांची वस्ती तिथे असते.

चवथीचा डबा मात्र नीट भरण्यासारखा आहे, आणि हीच वेळ आहे. तो माळ्यावरून आत्ताच खाली आणा, आदल्या रात्री नको. सगळं एकदम न कोंबता काढायच्या क्रमाने भरा. सगळ्यात वर माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट) बांधायचं सामान, म्हणजे दोर, हूक, सुरी, कात्री, कारण माटोळी आदल्या दिवशी बांधली जाते आणि त्या वेळी पुरुषमंडळी शिडीवर उभी राहून ओरडत असतात. त्याखाली मखराचं सामान. विजेच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून, एकेक वेगळी. बॅटरीवर चालणारं काही असेल तर आधी सेल काढा, ते आत पाझरतात. आरतीच्या वह्या प्लास्टिकच्या पाकिटात. तळाशी पाट-चौरंगावर घालायचं कापड. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा आणि गणपती बोळवल्यावर त्याच दिवशी त्यावर लिहा, काय संपलं, काय मोडलं, पुढच्या वर्षी काय आणायचं. दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

माटोळीची लाकडी चौकट डब्यात मावत नाही म्हणून लोक ती उभी करून भिंतीला टेकवतात आणि वाळवीला आमंत्रण देतात. ती वाशाला आडवी बांधून ठेवा, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर. घरात घुमट (आरतीला वाजवायचं, मडक्याला कातडं चढवलेलं वाद्य) असेल तर तेही डब्यात घालू नका. कातडं कोंडलं की ओल धरून सैल होतं, बुरशी येते. घुमट खुंटीला टांगलेलंच बरं. समया, ताम्हनं, पंचपात्रं चिंच लावून घासल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, मग सुती कापडात. ओलसर पितळ डब्यात गेलं तर गौरीच्या दिवशी पुन्हा घासत बसावं लागेल.

पुरुमेंताबद्दल, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या खाण्याच्या सामानाबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ‘कोठीच्या खोलीत रचले’ या शब्दांनी माझे कान टवकारले. मेमध्ये भरलेलं सामान नि कपड्यांचे डबे एकाच खोलीत असतील तर ते वेगळे करा. खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं), चिंच, यांचा वास प्लास्टिक धरून ठेवतं आणि कितीही घासलं तरी सोडत नाही. ज्या डब्यात एकदा सुकं मासळीचं ठेवलं तो डबा कायमचा मासळीचा. या वस्तूंना चिनीमातीच्या बरण्या आणि काचेच्या बाटल्याच. खोल्याची (काणकोणातल्या खोला गावची) मिरची उन्हात कडक वाळवून काचेत भरलीत तर रंगही राहतो. उकडे तांदूळ नि कुळीथ स्टीलच्या पिंपात, जमिनीपासून वर फळकुटावर. प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडतात, हे लक्षात ठेवा, विशेषतः आत खाण्याचा वास असेल तर.

आकाराचंही सांगते. तुम्ही ‘मोठे’ म्हणता ते साठ लिटरचे असावेत. असा डबा कपड्यांनी भरला तर पंधरा-वीस किलो, पुस्तकांनी भरला तर पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जातो. तो माळ्यावरून एकट्या बाईने उतरवायचा? मोठे डबे हलक्या नि फुगीर वस्तूंना ठेवा, उशा, रजया, मखराचं थर्माकोल उरलं असेल तर तेही. जड वस्तू खाली, लहान डब्यात. माळ्यावर ठेवायचंच तर कौलाखालची गळकी जागा पावसात हेरून ठेवा, आणि वर ताडपत्री न घालता डबा तिथून हलवा. लेबल झाकणावर नको, एकावर एक रचले की ते दिसत नाही. पुढच्या बाजूला, मराठीत, जाड पेनाने, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं. डब्याखाली दोन पट्ट्या, भिंतीपासून चार बोटं अंतर, म्हणजे हवा खेळते.

कागदपत्रं त्या डब्यांत नसतील अशी आशा आहे. असतील तर आजच काढा. घराच्या जमिनीचे एक-चौदाचे उतारे (गोव्यातला सातबारा म्हणा), घरपट्टीच्या पावत्या आणि सासऱ्यांच्या वेळचे पोर्तुगीज दस्तऐवज असतील तर ते स्टीलच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, सुती कापडात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या स्वच्छ फाइलमध्ये ठेवा. लॅमिनेशन करू नका. जुना कागद त्यात कायमचा अडकतो, पुढे काढायचा म्हटला तर फाटतो. प्रत्येक पानाचा नीट उजेडात फोटो काढून दिरांनाही पाठवून ठेवा. वाटणीच्या वेळी घरात कागद कुणाकडे यावरूनच वाद सुरू होतात. जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांच्या प्रमाणित प्रती पणजीच्या पुराभिलेख खात्यातून मिळू शकतात, म्हणून एखादं पान कसरीने खाल्लं असेल तरी घाबरू नका.

मुलांच्या खेळण्यांना रिकामे झालेले दोन डबे झाकण काढून द्या. झाकण असलं की पाच वर्षांचं मूल आतलं काढतं, पण परत घालत नाही. मोठ्यांचंही तसंच आहे म्हणा. डबा त्याच्या कमरेच्या खाली येईल असा, आणि एकाच डब्यात सगळे चौकोनी तुकडे, दुसऱ्यात बाकी सगळं. याहून बारीक वर्गवारी करायला गेलात तर ती तुम्हालाच पाळावी लागेल.

नवऱ्याच्या ‘गोदामा’ला मी फारसं मनावर घेणार नाही. त्याला विचारा, त्याचे स्वतःचे किती डबे आहेत. जुने चार्जर, वायरी, बंद पडलेले मोबाइल, बिघडलेला मिक्सर यांचा डबा बहुधा त्याचाच असतो, आणि तो उघडायला तुम्हाला परवानगी नसते.

कपडे नि अंथरुणं आता कधी भरायची? चवथीच्या आधी नाही. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात सगळं एकदा बाहेर काढा. सुती कपडे उन्हात, रेशीम सावलीत वाऱ्यावर. भरायचं ते दुपारी, दोन-तीनच्या सुमाराला, हवा सगळ्यात कोरडी असताना. आत आणून तासभर सावलीत गार होऊ द्या आणि दिवेलागणीच्या आत झाकण लावा. रात्रभर बाहेर राहिलेलं कापड सकाळी पुन्हा ओल पिऊन बसलेलं असतं. पुढच्या वर्षी हेच काम एप्रिल-मेमध्ये करा, पहिली वळवाची सर यायच्या आधी, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की दार लागलं.

राहिले दिरांचे डबे. किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ज्या अर्थी उल्लेख केलात त्या अर्थी थोडे नसावेत. ते तुम्ही उघडू नका, आवरू नका, कुणाला देऊन टाकू नका. त्यातली एक जुनी वही गेली तरी ती पुढची दहा वर्षं तुमच्या नावावर राहील. पण ते कायमचे सांभाळायचंही कारण नाही. चवथीला ते येणारच असतील. तिकीट काढायच्या आधी फोन करा, तोही नवऱ्याला करायला लावा, भावाचं भावाने सांगितलेलं बरं. सांगा की गणपती गेल्यावर एक सकाळ मोकळी ठेवा, डबे सोप्यावर काढून ठेवतो, काय ठेवायचं, काय न्यायचं, काय भंगारवाल्याला द्यायचं ते तुम्ही ठरवा. ठेवायचं म्हणतील त्याला दोन डबे द्या, त्याहून जास्त नाही. आणि ही दोन डब्यांची गोष्ट फोनवरच बोलून घ्या, ते आल्यावर जेवणाच्या पंगतीत नको.

सल्ला सदर
वाचकांनी पत्रात आपलं खरं नाव लिहिलं नाही तरी चालेल, पण घरात माणसं किती आणि खोल्या किती, तेवढं जरूर लिहा.